तेलानं उतार हाय

कुठलीही बाटली हातात आली की आधी झाकण उघडून हुंगायची, ही माझी खोड. छत्तीस वर्षं महाडच्या शाळेत विज्ञान शिकवलं आणि त्यातली निम्मी वर्षं प्रयोगशाळेच्या कपाटाच्या किल्ल्या सांभाळल्या. स्पिरिटच्या बाटलीवर पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवायचे, म्हणजे कुणी हात मारला तर लगेच कळावं. घरातले म्हणतात, हिच्या हातावर देवाचा प्रसाद ठेवला तरी आधी वास घेईल. घेते. दोनदा प्रसादाच्या शिऱ्यातलं तूप खवट निघालं होतं, ते मात्र कुणी सांगत नाही.

माझी थोरली बहीण याच्या अगदी उलट. जे मिळेल त्यावर विश्वास ठेवणारी, निदान मी तरी तसंच समजत होते. आम्ही दोघी नाते गावच्या. 'आम्ही नात्याच्या' असं सांगितलं की नवखी माणसं विचारतात, कोणाच्या नात्याच्या? बहीण चौथीत शाळा सोडून शेतात गेली आणि सतराव्या वर्षी लग्न होऊन पोलादपूरच्या पलीकडे, कशेडीच्या जुन्या घाटरस्त्यावरच्या एका वाडीत. मी महाडला मामाकडे राहून शिकले. माझ्याहून सात वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला आक्का म्हणते. तिचा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. एकुलता एक मुलगा मुंबईला नोकरी करतो आणि ती वाडीत एकटी राहते. वाडी तरी कसली, चौदा घरं आणि त्यातल्या नऊ घरांना कुलूप.

गेल्या वर्षी आक्काचे गुडघे फारच धरले. सकाळी उठलं की अर्धा तास पाय सरळच व्हायचे नाहीत. भिंतीला धरून उभं राहायचं, मग चुलीपर्यंत जायचं. मी तिला महाडला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक्स-रे खिडकीसमोर धरला आणि मोठ्याने, सावकाश सांगितलं, "आजी, गुडघ्यातलं वंगण संपलंय." मग माझ्याकडे वळून नीट समजावलं. गादी झिजली आहे, हाडाला हाड घासतंय, व्यायामाने आणि गोळ्यांनी काही दिवस निघतील, पण डावा गुडघा बदलावा लागणार. जितका लवकर तितका बरा.

मुलगा फोनवर म्हणाला, "मावशी, मग इथंच आणतो तिला. ऑपरेशन करू आणि नंतर पण इथंच राहूदे. तिकडं एकटीनं काय करायचंय?" आक्का शेजारी बसून ऐकत होती. परतीच्या एसटीत तिने मला विचारलं, "वंगण संपलं म्हंजे तेल घालायचं ना गो?"

मी हसले. शेजारच्या बाकावरची बाईही हसली. महिन्याभरात आक्काने खरंच तेल आणलं.

वाडीतली एक सून मुंबईत पार्लरमध्ये काम करून परत आली होती. तिने मोबाइलवरून मागवून दिलं. तपकिरी काचेची बोटभर बाटली, वर ठिबकणारं झाकण, आणि सोबत चार घड्यांचा कागद. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'सांधेदुखीसाठी अत्यावश्यक तेल'. 'एसेन्शियल ऑइल'चं हे भाषांतर वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी आक्काला सांगितलं, यातलं एसेन्शियल म्हणजे अत्यावश्यक नव्हे. वनस्पतीचा वास ज्यात उतरतो तो अर्क, त्याचं हे तेल. कुणीतरी शब्दकोश उघडून पहिला शब्द ठोकून दिलाय.

"मला अत्यावश्यकच हाय," आक्का म्हणाली.

मी कागद शेवटपर्यंत वाचला. निलगिरी, गवती चहा, आलं, विंटरग्रीन. या शेवटच्याचा वास आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे, घरोघरच्या दुखण्याच्या मलमाला येतो तोच. ते अॅस्पिरिनच्या कुळातलं, कातडीतून अंगात जाणारं. म्हणून मी विचारलं, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का तुला? नव्हती. ब्लडप्रेशरची एक तेवढी होती. म्हणजे तो आक्षेप निकालात निघाला, आणि खरं सांगायचं तर मी थोडी खट्टू झाले.

पंधरा दिवसांनी मुलाचा फोन आला. "मावशी, आई म्हणते तेलानं उतार हाय. ऑपरेशन नको म्हणते. मला काय ते कळत नाय, तू सायन्सवाली. तूच जाऊन चेक कर. तू बोललीस फरक आहे, तर मी थांबतो. नायतर मेमध्ये येतो आणि घेऊन जातो." मुंबईत बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या, असं मला वाटलं. पण एवढ्या मोठ्या गोष्टीत शब्द माझा चालणार, हे आवडलंही. तेव्हापासून दर दुसऱ्या शनिवारी मी महाडहून पोलादपूरला आणि तिथून जुन्या घाटाच्या एसटीने वाडीच्या थांब्यावर जायला लागले. घाटात बोगदा झाल्यापासून त्या रस्त्याला गाडी म्हणजे सकाळी एक आणि दुपारी एक. त्यामुळे मी कधी येणार हे आक्काला न सांगताही माहीत असायचं.

पहिल्याच खेपेला मी पर्समध्ये गाळणकागद घेऊन गेले. शुद्ध अर्काचा थेंब कागदावर टाकला तर तो उडून जातो, डाग राहत नाही. डाग राहिला म्हणजे कुणीतरी साधं तेल मिसळलं आहे. मी थेंब टाकला, कागद पडवीतल्या दोरीला चिमट्याने लावला आणि चहा पिऊन आले. भज्यांच्या कागदाला पडतो तसा डाग.

"बघ," मी म्हटलं. "भेसळ."

आक्का तांदूळ निवडत होती. "तिळाचं तेल हाय ते. मीच घातलंय. कागदावर लिवलंय तसं. नुसतं लावलं तर कातडी भाजते." चार घड्यांच्या त्या कागदावर तिसऱ्या घडीत खरंच तसं लिहिलं होतं आणि मी ते वाचलं होतं. चौथी शिकलेल्या बहिणीने सूचना पाळली आणि विज्ञानाच्या बाईंनी तिला भेसळ ठरवलं.

पण शंका एकदा डोक्यात शिरली की भाड्याने राहायला आल्यासारखी राहत नाही, घरच करते. मी आक्काची नजर चुकवून बाटलीच्या चिठ्ठीवर, तेल जिथपर्यंत होतं तिथे, पेन्सिलीची बारीक रेघ मारली. पुढच्या खेपेला पाहिलं तर तेल रेघेला लागून. त्याच्या पुढच्या खेपेलाही तसंच. रोज दोन वेळा चोळते म्हणते आणि बाटली हलत नाही? माझा संशय सरळ त्या पार्लरवाल्या सुनेवर गेला. ही गुपचूप साधं तेल भरून ठेवत असणार, म्हणजे म्हातारीला वाटावं, काय बरकत आहे बाटलीला. मी तिला पाणवठ्यावर गाठून आडून आडून विचारलं. ती म्हणाली, "बाय, मी तर आठ दिस माहेरी होती. भरायला कोन येनार हितं?"

त्यानंतर मात्र बाटली नेमाने उतरू लागली. दर खेपेला करंगळीच्या नखाएवढी. माझं समाधान झालं. मी मुलाला कळवलं, आई नियमाने लावतेय.

आणखी एक पुरावा माझ्यापाशी होता. मी एसटीतून उतरले की आक्का थांब्यावर हजर असायची. पत्र्याच्या शेडमध्ये, बाकावर, पदर नीट घेऊन बसलेली. ती दिसायच्या आधी तिचा वास यायचा, गवती चहाचा आणि मलमाचा. वाडीपासून रस्त्यापर्यंत पाखाडी आहे, दगडाच्या वेड्यावाकड्या दीडशे-पावणेदोनशे पायऱ्या. ज्या बाईला चुलीपर्यंत जाता येत नव्हतं ती तेवढं उतरून मला न्यायला येते, मग फरक नाही कसा म्हणायचा? वर जाताना ती माझ्या दंडाला धरायची आणि दर वीस पायऱ्यांना थांबायची. पण चढायची. परत जाताना मी एकटीच उतरायचे. "तू जा, मला कोंबड्या झाकायच्या हायत," असं ती म्हणायची. भर दुपारी कोंबड्या कोण झाकतं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. बाटलीवर रेघा मारणाऱ्या बाईला तो एकदाही पडला नाही.

माघात मी तिला पुन्हा महाडला डॉक्टरांकडे नेलं. मी रिक्षा घेऊन पोचले तेव्हा ती आधीच थांब्यावर येऊन बसली होती. दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टर जुना एक्स-रे बघत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "आजी, उतार कसा आहे?"

"उतार हाय की," आक्का म्हणाली. "तेलानं चांगला उतार हाय."

डॉक्टरांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. "बघा, चोळण्याने आणि वासाने बरं वाटतं काहींना," ते म्हणाले. "गादी भरून येत नाही, पण त्रास कमी असेल तर ऑपरेशनची घाई नको." त्यांनी केसपेपरवर तसं लिहिलं. मी त्या कागदाचा फोटो काढून मुलाला पाठवला. संध्याकाळी त्याचा निरोप आला, मग या वर्षी राहूदे.

मला फार बरं वाटलं. तेल खरं निघालं आणि ते खरं आहे हे मी तपासून ठरवलं.

मार्चमधल्या एका शनिवारी माझी शाळेतली जुनी सहकारी गाडीने खेडला चालली होती. मला सोडायचं म्हणून बोगद्याने न जाता ती जुन्या रस्त्याने आली. तिने मला वाडीच्या थांब्यावर उतरवलं तेव्हा एसटीला अजून दीड तास होता. थांब्यावर कोणी नव्हतं. शेडमध्ये पत्रा तापलेला, म्हणून मी मागच्या काजूच्या झाडाखाली दगडावर बसले. जरा दम खाऊन वर जाऊ म्हटलं. तेवढ्यात पाखाडीच्या वरच्या टोकाला आक्काची हिरवी साडी दिसली.

ती पाठमोरी उतरत होती. माळ्यावरून शिडीने उतरतात तशी. तोंड डोंगराकडे, दोन्ही हात वरच्या पायरीवर टेकलेले, पिशवी गळ्यात अडकवलेली. उजवा पाय खाली चाचपायचा, टेकवायचा, मग डावा ओढून त्याच पायरीवर आणायचा, आणि थांबायचं. काही पायऱ्या उंच होत्या. तिथे ती चक्क बसायची आणि बसल्या बसल्या खाली सरकायची.

सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो 'सापडली' असा. मी उठून धावले नाही. घड्याळात पाहिलं. पस्तीस मिनिटं लागली तिला. तेवढा वेळ मी काजूच्या बुंध्याआड बसून माझ्या बहिणीला डोंगर उतरताना पाहत होते.

खाली पोचल्यावर ती रस्त्याकडे वळली. पदराने तळवे पुसले, केस मागे केले आणि बाकावर बसली. मग पिशवीतून बाटली काढली, दोन थेंब हातावर घेतले आणि साडीला चोळले. गुडघ्याला नाही, गुडघ्यावरच्या साडीला. उरलेलं मनगटावर. एसटी यायला अजून बराच वेळ होता आणि ती माझ्यासाठी बरी होऊन बसली होती.

"आक्का," मी पुढे होऊन म्हटलं.

ती दचकली नाही. रस्त्याकडेच बघत म्हणाली, "गाडी आली नाय अजून. कवापासून हाईस?"

"तू वर होतीस तेव्हापासून."

मला राग आला होता, आणि तो राग कुणावर आहे हे न कळल्याने तो तिच्यावरच निघाला. मी म्हटलं, "डॉक्टरांना उतार आहे म्हणून सांगितलंस. ते दुखण्याच्या उताराचं विचारत नव्हते, हा असला उतार उतरता येतो का म्हणून विचारत होते!" मी पाखाडीकडे हात केला.

"म्हाईत हाय," आक्का म्हणाली. "सारा जल्म उतारावर काढला. मला कळनार नाय व्हय?"

"मग?"

"मग काय. तू मान हलवलीस. मला वाटलं, तुलापन कळलंय. मला वाटलं, तू माझ्या बाजूची हाईस."

मी तिच्या शेजारी बाकावर बसले. पत्रा खूप तापला होता. मग तीच बोलायला लागली, भांडणाच्या आवाजात नाही, भाजीचा भाव सांगावा तशी. मी पाणवठ्यावर काय विचारलं ते सुनेने तिला सांगितलं, तेव्हा तिला बाटलीवरची रेघ दिसली होती. तोवर ती तेल जपून वापरत होती, माणूस येणार असेल त्या दिवसापुरतं. रेघ दिसल्यापासून ती दर खेपेच्या आधी नखभर तेल परसात मोगऱ्याच्या आळ्यात ओतायची. "मोगरा जळला," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "बाटली हुंगलीस. कागद दोरीवर लावलास. रेघा मारल्यास. गुडघा बघितलास एकदा तरी?"

नव्हता बघितला. चार महिन्यांत एकदाही नाही.

तिने साडी वर घेतली. डावा गुडघा सुजून आत वळला होता. नडगीवर दगडांचे ओरखडे होते, काही जुने, काही आजचे. मी तिच्या हातातून बाटली घेतली, हातावर तेल ओतलं आणि चोळायला लागले. तळव्याखाली हाड हाडावर घासत होतं, जात्यात खडा आल्यासारखी खरखर. तिने डोळे मिटले.

"घडीभर बरं वाटतं," ती म्हणाली. "तेल खोटं नाय. मीच खोटी."

"एवढं दुखतं तर ऑपरेशनला नाही का म्हणतेस?"

"ऑपरेशनला नाय म्हनत नाय मी. कुलपाला नाय म्हनते." तिने वर वाडीकडे मान केली. "ती नऊ घरं बघ. सगळी पंधरा दिसासाठीच गेली. माझ्या बाजूची डोळ्याच्या ऑपरेशनला गेली. मला म्हनाली, दसऱ्याला येते, माझ्या तुळशीला पानी घाल. तिचं घर उघडलं ते तिच्या तेराव्याला. दुसऱ्या दिवशी परत कुलूप."

मी तिथूनच मुलाला फोन लावला आणि स्पष्ट सांगितलं. उतार नाही, कधीच नव्हता, मी चुकले. डॉक्टरांची वेळ घे. तो म्हणाला, "मग आईला घेऊनच जातो कायमची." मी म्हटलं, कायमची नाही. तीन महिन्यांसाठी ने आणि परत आणून सोड. तोपर्यंत घर मी उघडं ठेवते. बोलून गेले तेव्हा मलाच नवल वाटलं, पण शब्द मागे घ्यावासा वाटला नाही.

फोन ठेवला तेव्हा आक्का माझ्याकडे बघत होती. त्या बघण्यात प्रेम वगैरे काही नव्हतं. चार महिने मी त्या बाटलीकडे बघितलं, तसं ती मला बघत होती.

"तू राहनार? पंखा नाय चालला तर तुला झोप येत नाय."

"राहीन."

"किती दिस?"

"तू परत येशील तोवर."

"समदे असंच म्हनतात," ती म्हणाली. "लिवून दे."

मला वाटलं, थट्टा करतेय. तिने पिशवीतून तेलाबरोबर आलेला तो चार घड्यांचा कागद काढला आणि कोरी बाजू वर करून माझ्या मांडीवर ठेवला. मी पेन काढलं. लिहिलं, की आक्का परत येईपर्यंत मी तिच्या घरात राहीन, रोज दिवा लावीन, कोंबड्या सांभाळीन. तिने कागद घेतला. बोट एकेका शब्दाखाली ठेवत, ओठ हलवत वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"आनि मी नाय आली तर?" तिने विचारलं.

एसटी वळणावर हॉर्न देत होती. आम्हा दोघींपैकी कुणीही तिकडे पाहिलं नाही. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. कागद परत घेतला आणि खाली लिहिलं, 'नाही आली तरी कुलूप लावणार नाही.'

तिने तेवढी ओळ वाचली. मग बोट त्या ओळीच्या खाली ठेवून म्हणाली, "हितं सही कर."